बदकिणीला उडता येत नव्हतं

“असं कोण बोलतंय?”

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य हे. बोलणारी माझी बायको आणि ऐकून घेणारा मी. पोटासाठी मी प्राण्यांच्या फिल्मचं निवेदन इंग्रजीतून मराठीत करतो. टीव्हीवर चित्ता हरणामागं पळत असतो आणि मागनं एक भारदस्त आवाज मराठीत बोलत असतो, त्या आवाजाच्या तोंडचं वाक्य कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका पत्र्याच्या माडीवर बसून मी लिहिलेलं असतं. जंगल आफ्रिकेचं, आवाज मुंबईचा आणि मराठी आमची. बघणाऱ्याला वाटतं तो आवाजवालाच एवढा हुशार आहे. असो, तो राग वेगळा.

कामाची पद्धत लग्नापासून एकच. वाक्य लिहायचं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. आधी हातात कागद असायचा, पुढं लॅपटॉप आला. ती कांदा चिरत नाहीतर भाकरी थापत ऐकणार. पटलं तर गप्प. नाही पटलं तर हात न थांबवता, “असं कोण बोलतंय?” एकदा मी मोठ्या ऐटीत वाचलं, ‘सिंहिणीने अखेर आपले भक्ष्य हस्तगत केले.’ ती म्हणाली, “हस्तगत? तलाठ्याकडनं उतारा काढला व्हय तिनं? धरलं म्हणा की सरळ!” मी चिडलो, तुला प्रमाणभाषा कळत नाही म्हणालो, तासभर तोंड फुगवून बसलो. आणि पाठवताना ‘धरलं’ असंच पाठवलं.

ती चंदगडची. भात, काजू आणि पाऊस एवढ्यावर वाढलेली, दहावीपर्यंत शिकलेली. पेठेत आली आणि पेठेचीच झाली. इथल्या बायकांसारखं ‘मी आलो, मी गेलो’ असं पुरुषी बोलायला लागली ते कायमचं. आम्हाला मूल झालं नाही. त्याचं जे काय रडायचं ते आम्ही दोघांनी वेळेवर रडून घेतलं होतं. पण एखाद्या लग्नात कुणी बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवून ‘बिचारी’ म्हटलं की ही पेटायची. “बिचारी कुणाला म्हणताय वो? खाऊनपिऊन टुणटुणीत हाय मी!” मग त्या बाईला अख्ख्या मांडवात लपायला जागा सापडायची नाही. तो शब्द आमच्या घरात बंद होता, माझ्या निवेदनातसुद्धा. इंग्रजीवाले उठसूट कुठल्याही प्राण्याला बिचारं म्हणतात. मी ते गाळत आलो, कारण वाचायचं त्या दारात होतं.

दोनेक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिनं नेहमीसारखी वर्षाची चटणी केली. कोल्हापुरात चटणी एकदा करायची आणि वर्षभर पुरवायची. मिरच्या उन्हात वाळवल्या, कांदा-खोबरं तळलं, मसाले भाजले, लसणीचा ढीग आम्ही दोघांनी मिळून सोलला आणि सगळं कांडून आणलं. त्या दिवसांत आमच्या गल्लीत शिंकल्याशिवाय चालता येत नाही. तिनं मोठ्या बरणीत चटणी दाबून भरली, वर हिंगाचा खडा ठेवला, तोंडाला फडक्याचा दादरा बांधला आणि बरणी समोरच्या फळीवर चढवली. “झालं यंदाचं,” म्हणाली आणि खुर्चीत बसली. उजेडात तिच्या डोळ्यांकडे माझं लक्ष गेलं. डोळे पिवळे होते.

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि माझ्या मेहुण्याला आत बोलावलं. मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, चंदगडला शेती करतो. कावीळ दिसतेय ती वरवरची, दुखणं स्वादुपिंडात आहे, कॅन्सर आहे आणि तो पसरलाय, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनचा उपयोग नाही. दुर्बिणीतून नळी बसवली की पिवळेपणा उतरेल, खाज थांबेल, पण मूळ दुखणं तसंच राहील. मग चष्मा काढून ते म्हणाले, “त्यांना जे आवडतं ते खाऊ द्या. जिथं जावंसं वाटतंय तिथं घेऊन जावा.”

बाहेर जिन्यात मेहुण्यानं माझा दंड धरला. “दाजी, आक्काला ह्यातलं एक अक्षर कळता कामा न्हाय. हाय खाईल ती. उद्याचं मरण आज येईल.” मी मान हलवली. आमच्याकडे असंच असतं. रोग ज्याला झालाय त्याला सोडून सगळ्या गल्लीला माहीत असतो.

घरी आल्यावर तिनं विचारलं, “रिपोर्टात काय लिहिलंय? तुम्हाला इंग्रजी येतं की.”

“कावीळ,” मी म्हणालो. “जरा जुनी हाय.”

इंग्रजीचं मराठी करण्यात आयुष्य गेलं, पण एवढं स्वैर भाषांतर मी कधी केलं नव्हतं.

कावीळ म्हटल्यावर पथ्य आलं. तेल बंद, तिखट बंद, मटण बंद, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डॉक्टर म्हणाले होते आवडेल ते द्या. पण कावीळ म्हणून सांगायचं आणि तांबडा रस्सा वाढायचा, तर तिला तिथल्या तिथं कळलं असतं. म्हणजे खोटं टिकवायला पथ्य पाहिजे होतं. मुगाचं वरण, भात, लाह्या, मुळ्याचा पाला, उसाचा रस. जी बाई दह्यातसुद्धा चिमूटभर चटणी घालून खायची तिला मी बिनतिखटाचं वरण वाढत होतो. नळी बसवल्यावर डोळे खरंच पांढरे झाले. तिला वाटलं पथ्याचा गुण. ती आणखी कडक पाळायला लागली. फळीवरच्या बरणीकडे बघायची आणि म्हणायची, “बरी झालो की पयल्यांदा भाकरी, चटणी आणि कच्चं तेल. मग बाकीचं बगू.”

मेहुणा दर आठवड्याला एसटीनं यायचा. पिशवीत काविळीच्या झाडपाल्याच्या औषधाची बाटली असायची, तिकडचा कुणी माणूस देतो ती. एकदा त्याला जिन्यात गाठून मी हळूच विचारलं, “हे कशाचंच औषध न्हाय हे तुला म्हाईत हाय न्हवं?”

“म्हाईत हाय दाजी,” तो खाली बघत म्हणाला. “पण रिकाम्या हातानं कसा येऊ?”

आणि ती ते कडू औषध नाक दाबून प्यायची, भावानं एवढ्या लांबून आणलंय म्हणून.

माहेरची तिला फार ओढ लागली होती. पाऊस लागला तसं रोज सुरू झालं, “एकदा चंदगडला जाऊन येऊया की. भाताची लावण चालू असंल.” मी म्हणायचो, “बरी झालीस की जाऊ. एवढ्या पावसात कशाला?” भाऊ म्हणायचा, “बरी हो आक्का, मग महिनाभर ऱ्हा.” प्रत्येक गोष्ट बरी झाल्यावर. आणि ती बरी होणार नाही हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. आता लिहितानासुद्धा माझा संताप होतो. कुणावर, ते विचारू नका.

त्याच पावसात माझ्याकडे त्या बदकाची फिल्म आली.

दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाला, जिथं समुद्र बर्फासारखा गार असतो, तिथल्या किनाऱ्यावर राहणारं हे बदक. करड्या रंगाचं, पोट पांढरं, चोच नारिंगी, अंगानं आपल्या गावठी कोंबड्याच्या दुप्पट. फिल्म तुकड्या-तुकड्यानं यायची. बायको आता बाहेरच्या खोलीत दिवाणावर पडून असायची, म्हणून दारात उभं राहायचं सोडून मी तिच्या उशाशी खुर्ची टाकली. पहिला तुकडा लावला तर बदक दोन्ही पंख आपटत, पाणी उडवत समुद्रावरनं सुसाट चाललेलं.

“हे उडाय बघतंय आणि जमंना झालंय,” ती म्हणाली.

“उडत न्हाय ते. त्याला उडता येतच न्हाय. पंखानं वल्हवतंय.”

पूर्वी दोन्ही बाजूंना चाकं असलेल्या आगबोटी असायच्या, चाकं पाणी कापत फिरायची. त्यावरून इंग्रजीत ह्याचं नाव पडलंय. मी डोकं खाजवून खाजवून मराठी नाव केलं होतं, ते वाचून दाखवलं, ‘बाष्पनौका बदक’.

“असं कोण बोलतंय?”

कितीतरी दिवसांनी ते वाक्य ऐकलं आणि मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. ती उठून बसली. “महापुरात जवानांच्या रबरी बोटी आल्या न्हवत्या गल्लीत? वल्हं मारत? वल्ह्या बदक म्हणा.” तेच नाव ठेवलं.

मग रोज दुपारी तिला बदक लागायचं. वाचायच्या आधी प्रश्न सुरू. “पंख हायत, मग उडत का न्हाय?” मी सांगायचो. किनाऱ्याला लागून समुद्रात उंच उंच शेवाळाचं रान असतं. त्यात शिंपले, खेकडे, गोगलगाई. बुडी मारली की जेवण. बुडी मारायची तर अंग जड असलेलं बरं, आणि जड अंग हवेत उचलायचं तर पंख मोठे लागतात. थंडी आली की बाकीचे पक्षी पोटासाठी देश सोडून जातात, ह्याला बाराही महिने दारात खायला आहे. मग उडून जायचं कुठं? पिढ्यान् पिढ्या अंग वाढत गेलं आणि पंख आखूड होत गेले. ह्याचाच एक भाऊबंद अजून उडतो, पण त्यातसुद्धा काही नर खाऊन खाऊन इतके जड होतात की त्यांना पाण्यावरनं उठता येत नाही.

“म्हंजे तालमीतलं पैलवान,” ती म्हणाली आणि हसली. मग वाटीतल्या वरणाकडे बघत म्हणाली, “खातंय बगा कसं. नशीबवान हाय.”

मारामारीचा तुकडा तिला सगळ्यात आवडला. नर-मादीची जोडी किनाऱ्याचा एक पट्टा आपला म्हणून धरते आणि वर्षभर राखते. पंखाच्या वाकावर हाडाची नारिंगी गाठ असते. दुसरं बदक हद्दीत आलं की मान धरून त्या गाठीनं असं बडवायचं की समोरचं कधी कधी मरूनच जातं. मादीसुद्धा मागं राहत नाही. “शिवाजी पेठेतलंच हाय हे,” ती म्हणाली, “उगंच तिकडं लांब ऱ्हायलंय.” मला ते निवेदनात घालावंसं वाटत होतं. पण मुंबईच्या हापिसातला संपादक भलता काटेकोर. मुळात नाही ते घालायचं नाही, मुळात आहे ते सोडायचं नाही, असा त्याचा कायदा.

मग घरटं आलं. पाण्याजवळ झुडपाखाली खळगा, त्यात मादीनं स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून अंथरलेली. अंड्यांवर ती एकटीच बसते. दिवसातनं थोडा वेळ खायला उठली तर तीच पिसं अंड्यांवर पांघरून जाते. नर पाण्यात गस्त घालतो. ह्या नराचं वय होईल तसं डोकं पांढरं होत जातं, असं मी वाचलं तर तिनं वाचन थांबवलं आणि माझ्या डोक्याकडे बघत राहिली. “तुमच्यागत,” म्हणाली. पिल्लं निघाली, आईबापामागं पाण्यात उतरली. एक-दोन पिल्लं दांडग्या समुद्रपक्ष्यांनी उचलून नेली. तिनं माझा हात धरला. उरलेली पिल्लं मोठी होताना बघून म्हणाली, “चला, ही तरी ऱ्हायली.”

त्या बदकिणीत तिचा जीव गुंतला होता. सकाळी चहाबरोबरच विचारायची, “आज आलंय का पुढचं?”

शेवटचा तुकडा आला तो मी आधी एकट्यानं बघितला. बरं झालं. सकाळची वेळ, बदकीण शेवाळात बुड्या मारून शिंपले खातेय, नर पिल्लांना घेऊन खडकापाशी. बुडीतनं ती वर आली आणि मागून समुद्रसिंह आला. पाण्यात एकदाच खळबळ झाली. मग नर किनाऱ्यावर फिरून फिरून ओरडतोय. खाली इंग्रजीत लिहिलेलं, ह्या बिचाऱ्या मादीला उडता येत नव्हतं, त्यामुळं तिच्या हातात काही नव्हतं.

दुपारी मी खुर्चीत बसलो. “चित्र अजून आलं न्हाय,” म्हणालो, “नुसतं लिहिलेलं आलंय.” पिल्लं मोठी झाली, नर राखण करतोय, असं काहीबाही वाचलं.

“आणि ती?”

“ती व्हय? ती गेली. उडून गेली पलीकडच्या किनाऱ्याला. तिकडं खायला जास्त हाय म्हणं.”

त्या दिवसांत माझी जीभ खोट्याला सरावली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला, फोनवाल्याला, तिला, दिवसभर मी गोड गोड खोटं बोलत होतो. त्याच सवयीनं हेही बोललो. तोंडातनं शब्द निघून गेला आणि मगच मला ऐकू आला.

ती छताकडे बघत होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिनं मान वळवली.

“उडून गेली?”

मी लॅपटॉपवरची ओळ वर-खाली करत बसलो.

“तिला उडता येत न्हाय की वो. एवढे दिवस तुम्हीच सांगाय लागलाय.” मग हळू आवाजात, “मेली व्हय?”

“व्हय.”

“मग तसं सांगायचं.” ती कोपरावर उठली. “आणि माझं काय सांगाय लागलाय सगळी मिळून?”

मी लॅपटॉप मिटला. शेवटी सांगितलं. कावीळ नाही. काय आहे ते. कुठं आहे ते. ती ऐकत होती, डोळ्यांत पाणी नाही. सगळं झाल्यावर तिनं एकच विचारलं, “डॉक्टर खाण्याचं काय म्हणालते?”

“आवडेल ते द्या म्हणालते.”

“आणि जाण्याचं?”

“जावंसं वाटेल तिथं न्या म्हणालते.”

तेव्हा मात्र ती उसळली. मरणाला नाही, ह्याला. “मग मी पथ्य कशाचं पाळतोय हितं? आं? रोज मुगाचं पाणी गिळतोय मी! बरं व्हायचं म्हणून गिळतोय! समोर बरणी ठेवून! माहेर सोडून! आणि तुम्ही बसून बगताय?” उशाशी ठेवलेली वाटी तिनं एवढ्या जोरात सरकवली की वरण दिवाणावर सांडलं. मी रडायला लागलो. लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो.

तिनं थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, “बास आता. उठा. भाकरी करा.”

“मला येत न्हाय.”

“मी सांगतो.”

दिवाणावरनं ती सांगत होती आणि आत मी करत होतो. पाणी कढत घ्या. पीठ मळा, अजून मळा, हाताला चिकटलं नाही पाहिजे. परातीत पीठ भुरभुरा. मी थापायला लागलो तर आवाजावरनंच तिला कळलं. “असं कोण थापतंय? कपडं धुवायला लागलाय व्हय?” भाकरी दोन ठिकाणी फाटली, एका बाजूला करपली. मी बरणी खाली घेतली, दादरा सोडला. तो वास खोलीभर पसरला तशी तिनं डोळे मिटले. ताटलीत भाकरी, चटणी, तिच्यावर शेंगतेल आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

दोन घास खाल्ले तिनं. ठसका लागला, नाकातोंडातनं पाणी आलं, आणि त्यातनं ती हसत होती. “तोंडाला चव आली बगा,” म्हणाली. तिसरा घास उचलला आणि तसाच खाली ठेवला. पोटात जागाच नव्हती. भूक होती तेव्हा आम्ही दिलं नाही, आणि दिलं तेव्हा भूक गेलेली. हे माझ्या मनातनं जात नाही. जाणारही नाही.

मेहुण्याला फोन केला तर आधी माझ्यावर ओरडला. “दाजी, तुम्हाला काळीज हाय का न्हाय?” मी फोन तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, “गाडी घेऊन ये. आणि ती कडू बाटली आणलीस तर बग!” दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन दारात हजर झाला. पिशवीत सुकी मासळी होती.

चंदगडला लावण उरकली होती. जिकडं बघावं तिकडं हिरवं. पाऊस थांबेचना. भावानं पडवीत खाट टाकली, तिथनं तिचं सगळं शेत दिसायचं. एकदा उघडीप मिळाली तशी म्हणाली, “बांधापतोर न्या.” आम्ही दोघांनी धरून नेलं. पाय चिखलाच्या पाण्यात सोडून ती बसली. भाताचा घास आणि मासळीचं कालवण चमच्याएवढं खाल्लं, पण मागून घेतलं. भाऊ बांधावर तिच्या शेजारी बसून तिच्या पायावर पाणी घालत होता, लहान मुलाचे पाय धुतात तसं. तिनं त्याच्या टाळक्यात एक चापट मारली. “कडू प्यायला लावतोस व्हय रं मला?” त्यानं तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

चार-पाच दिवस झाल्यावर ती मला म्हणाली, “चला आता घरी.”

“ऱ्हा की अजून.”

“हे बगून झालं. माझं घर पेठेत हाय. आणि तुमचं बदक ऱ्हायलंय अर्धं.”

परत आल्यावर मी शेवटचा तुकडा तिला दाखवला. सगळा, खरा. समुद्रसिंह येतो तिथं मी लॅपटॉप मिटायला गेलो, तिनं हात धरला. बघून झाल्यावर मी वाक्य वाचलं, जसं मुळात होतं तसं, बिचारी ह्या शब्दासकट.

“बिचारी कशानं?” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. “सकाळधरनं खात होती की. स्वतःच्या किनाऱ्यावर होती. नवरा हितं, पिल्लं हितं. उपाशी मेली न्हाय, परक्या दारात मेली न्हाय. जेवून गेली म्हणा.”

मी लिहिलं, ‘ती गेली. आपल्या किनाऱ्यावर, जेवून गेली.’ मोठ्यानं वाचलं. ती गप्प राहिली. आमच्या घरात गप्प म्हणजे पास.

गणपतीच्या आधी ती गेली. त्या दिवशी सकाळी पेजेचे दोन चमचे घेतले आणि मान फळीकडे वळवली. मला कळलं. बोटावर जराशी चटणी घेऊन मी तिच्या जिभेला लावली. ती किती तरी वेळ चघळत होती. दुपारी श्वास थांबला. गल्लीतल्या बायका आल्या, कुणीतरी मागनं म्हणालं, “बिचारी गं.” तिच्या जागी कोण बोलणार होतं? मी ऐकून घेतलं.

निवेदन पाठवायला उशीर झाला. शेवटचं वाक्य तिचंच ठेवलं, आणि खाली संपादकाला लिहिलं की ह्याला हात लावू नका. का, ते लिहिलं नाही.

फिल्म लागली ती थंडीत, संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला. मी भाकरी करायला शिकलोय आता, काठ अजून फाटतात. ताटात भाकरी, कांदा आणि बरणीतली चटणी घेऊन टीव्हीपुढं बसलो. तो मुंबईचा भारदस्त आवाज ‘वल्ह्या बदक’ म्हणाला तेव्हा घास हातात तसाच राहिला. मारामारी झाली, घरटं झालं, पांढऱ्या डोक्याचा नर गस्त घालून गेला. सगळीकडे तिनं पास केलेली वाक्यं एकामागनं एक येत होती. मग ती सकाळ आली, शिंपले आले, पाण्यातली खळबळ आली. मी ताट बाजूला ठेवून पुढं सरकलो.

आवाज म्हणाला, ‘उडता न येणारी ही बिचारी मादी अखेर काळाच्या स्वाधीन झाली.’

“असं कोण बोलतंय?” मी मोठ्यानं ओरडलो. खालच्या घरातलं बोलणं थांबलं. स्वयंपाकघराच्या दारात कुणी नव्हतं. मी टीव्हीपुढं उभा होतो, हात तिखटाचे, तेच डोळ्याला लागलेले.

“बिचारी कुणाला म्हणतोस रं? जेवून गेली ती. माझ्या हातचं जेवून गेली.”